अखंड नोंदीची साखळी : ट्रान्झॅक्शन लॉगच्या बॅकअपविषयी प्रस्तावना

सहकारी पतसंस्थेच्या खिडकीवर एखाद्या सभासदाने दहा हजार रुपये भरले, कारकुनाने ते मोजून घेतले, संगणकावर नोंद केली आणि पावती छापून सभासदाच्या हाती दिली, की त्या क्षणापासून संस्थेवर एक जबाबदारी येते. आणि ती अशी की, पुढच्याच पळाला वीज गेली, सर्व्हर बंद पडला, डिस्क निकामी झाली, किंवा कोणाच्या हातून चुकीची आज्ञा सुटून खात्यांचे सगळे कोष्टक विस्कटून गेले, तरी त्या दहा हजारांची नोंद नाहीशी होता कामा नये. संगणक कोणत्या आधारावर असा शब्द देतो, आणि तो आधार सर्व्हरच्या बाहेर, दुसऱ्या सुरक्षित जागी, कसा जपून ठेवावा, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय होय.

बॅकअप म्हटले की बहुतेक कार्यालयांत रात्री घेतलेली संपूर्ण डेटाबेसची प्रत, म्हणजे फुल बॅकअप, एवढेच डोळ्यांपुढे येते. ती प्रत आवश्यक आहे, तिच्यावाचून पुढचे काहीच उभे राहत नाही, हे खरे. परंतु रात्री अकरा वाजता घेतलेली प्रत रात्री अकरा वाजताची स्थिती तेवढी सांगते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता आपत्ती कोसळली तर सकाळपासून खिडकीवर फाटलेल्या शेकडो पावत्यांविषयी तिला काहीच सांगता येत नाही. फुल बॅकअपमध्ये स्थितीची नक्कल असते. लॉग बॅकअपमध्ये घडामोडींची नक्कल असते, ज्या क्रमाने त्या घडल्या त्याच क्रमाने. आपल्या गतकाळातील नेमका कोणता क्षण परत हवा, हे निवडण्याचा अधिकार संस्थेला मिळतो तो या दुसऱ्या प्रकारच्या नकलेमुळेच. अधिकार मोठा आहे, पण सशर्त आहे: नोंदींची साखळी पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत अखंड असली पाहिजे, आणि ती प्रत्यक्ष चालवून पाहिलेली असली पाहिजे. पुढील सर्व प्रकरणे या दोन अटींच्या पूर्ततेसाठीच लिहिली आहेत.

प्रथम लॉग म्हणजे काय ते पाहू. डेटाबेसचा मूळ संचय डिस्कवर लहान लहान पानांत मांडलेला असतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये असे एक पान आठ किलोबाइटांचे असते. एखाद्या खात्याची शिल्लक बदलायची झाली की ते पान मेमरीत आणून तेथे बदलले जाते, आणि बदललेले पान डिस्कवर परत केव्हा उतरवायचे हे सर्व्हर स्वतःच्या सोयीने ठरवितो, कारण हजारो पाने डिस्कवर हजार जागी विखुरलेली असल्याने प्रत्येक बदलासरशी ती लिहीत बसल्यास काम मंदावून जाईल. परंतु मेमरी ही विजेबरोबर जाणारी वस्तू. सबब एक कडक नियम पाळला जातो: बदललेले पान डिस्कवर जाण्यापूर्वी त्या बदलाची नोंद लॉगमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या एका स्वतंत्र फाइलीत, पोचलेली असली पाहिजे, आणि व्यवहार पुरा झाला, ‘कमिट’ झाला, असे उत्तर वापरकर्त्याला देण्यापूर्वी त्या व्यवहाराच्या अखेरच्या नोंदीपर्यंतचा सगळा लॉग डिस्कवर उतरलेला असला पाहिजे. लॉगची नोंद नेहमी आधीच्या नोंदीला लागून पुढे लिहिली जाते, म्हणून हे लेखन जलद होते. सभासदाच्या हाती पावती पडते त्या वेळी त्याच्या खात्याचे पान डिस्कवर कदाचित जुनेच असेल. पण लॉगमध्ये त्याचे दहा हजार निश्चित उतरलेले असतात.

आपल्याकडील पेढ्यांवर आणि राजदप्तरांत रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्यांची जी शिस्त पिढ्यानुपिढ्या पाळली गेली, तिच्याशी या रचनेचे निकटचे साम्य आहे. रोजकीर्दीत दिवसाचा व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने उतरतो. खतावणीत तोच व्यवहार नावनिशीवार ज्याच्या त्याच्या खात्यावर चढतो. अमुक असामीकडे बाकी किती, हे खतावणीत एका दृष्टिक्षेपात कळते. परंतु खतावणी जळाली तर मागील ताळेबंद आणि त्यापुढील रोजकीर्द यांवरून ती पुन्हा उभी करता येते, उलटपक्षी रोजकीर्द गहाळ झाली तर खतावणीतील आकडे तेथे कोणत्या दिवशी आणि कोणत्या कारणाने आले, याचा माग फार कष्टाने लागतो. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दप्तरातून निवडून काढलेल्या रोजनिशांच्या आधारे अठराव्या शतकातील कारभार पुढच्या अभ्यासकांना तारीखवार उभा करता आला, तो क्रमाने लिहिलेल्या नोंदीच्या याच सामर्थ्यावर. डेटाबेसमधील कोष्टके ही खतावणी आणि लॉग ही रोजकीर्द, एवढे मनात धरून वाचक पुढे चालला तर त्याला कोठे अडखळण्याचे कारण पडणार नाही.

संगणकशास्त्रात ही शिस्त परिपक्व व्हायला बराच काळ लागला. ई. एफ. कॉड यांनी १९७० साली कोष्टकरूप डेटाबेसची उपपत्ती मांडली. ती प्रत्यक्षात उतरविण्यासाठी आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत त्या दशकात ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला. आणि त्यात काम करताना जिम ग्रे यांनी व्यवहार म्हणजे काय, तो अर्धवट का राहता कामा नये आणि मध्येच मोडला तर कसा निस्तरावा, या प्रश्नांना शास्त्राचे रूप दिले. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९९८ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. पुढे १९९२ मध्ये आयबीएमच्याच सी. मोहन यांनी सहकाऱ्यांसह ‘एरीज’ नावाची पुनरुज्जीवनाची पद्धती प्रसिद्ध केली. मद्रासच्या आयआयटीत शिकलेल्या या भारतीय संशोधकाच्या निबंधाचा प्रभाव पुढील कित्येक प्रमुख डेटाबेसांच्या अंतर्रचनेवर स्पष्ट दिसतो, आणि आपल्या विषयाचे मर्मही त्यातच सापडते, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबणे इष्ट आहे.

सर्व्हर अकस्मात बंद पडून पुन्हा सुरू झाला की एरीजप्रमाणे लॉगावरून तीन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत कोणते व्यवहार अपुरे राहिले आणि कोणती पाने डिस्कवर उतरायची राहून गेली, याची यादी तयार होते. दुसऱ्या फेरीत लॉगमधील घडामोडी, व्यवहार पुरा झालेला असो वा अपुरा, जशा घडल्या तशाच पुन्हा घडविल्या जातात. तिसऱ्या फेरीत अपुरे राहिलेले व्यवहार उलट क्रमाने एकेक करून मागे घेतले जातात. जो व्यवहार अखेर रद्दच करायचा तो आधी पुन्हा कशासाठी घडवायचा, असा प्रश्न प्रथम वाचणाऱ्याच्या मनात येतो. परंतु त्याचे उत्तर मोठे समाधानकारक आहे. सर्व्हर कोसळण्याच्या क्षणी जी स्थिती होती ती तंतोतंत उभी केल्यावर, पुढचे रद्द करण्याचे काम हे नेहमीच्या कामकाजात व्यवहार रद्द करण्याइतकेच सरळ होते. अपवाद आणि पोटनियम यांचे जंजाळ उरत नाही. लॉग बॅकअप रिस्टोर करणे ही याच दुसऱ्या फेरीची विस्तृत आवृत्ती आहे. फरक इतकाच की, येथे नोंदी चालू सर्व्हरच्या लॉगमधून न येता जपून ठेवलेल्या फाइलींमधून येतात, आणि दुसरी फेरी एका फाइलीवर न थांबता शेकडो फाइलींवरून पुढे चालू राहते.

रिस्टोर करताना ‘नोरिकव्हरी’ हा पर्याय का द्यावा लागतो, हे आता वेगळे शिकवावे लागू नये. एका लॉग बॅकअपच्या अखेरीस एखादा व्यवहार अपुरा दिसला तरी त्याचा कमिट पुढच्या बॅकअपमध्ये असू शकतो; म्हणून तिसरी फेरी इतक्यात घेऊ नये, डेटाबेस उघडू नये, अजून नोंदी यावयाच्या आहेत, असे सर्व्हरला बजावण्याचे ते साधन आहे. शेवटची फाइल लागल्यावरच ‘रिकव्हरी’ची आज्ञा द्यायची, मग अपुरे व्यवहार मागे घेतले जातात आणि डेटाबेस खुला होतो. घाईने मधल्याच फाइलीनंतर रिकव्हरी दिली तर पुढची एकही फाइल स्वीकारली जात नाही, आणि फुल बॅकअपपासून सारे काम नव्याने आरंभावे लागते.

यापुढील विवेचन मुख्यतः एसक्यूएल सर्व्हरला धरून आहे, कारण आपल्याकडील कार्यालयांत तो सर्रास आढळतो. परंतु तत्त्व सर्वत्र तेच. ओरॅकलमध्ये भरलेल्या रिडू लॉगच्या प्रती वेगळ्या ठेवण्याची ‘आर्काइव्ह लॉग’ पद्धती आहे. पोस्टग्रेसमध्ये २००१ च्या ७.१ या आवृत्तीपासून ‘आधी लॉग, मग पान’ ही शिस्त आली आणि २००५ च्या ८.० पासून हव्या त्या क्षणापर्यंत परत जाण्याची सोय झाली, तेथे लॉगचे तुकडे सामान्यतः १६ मेगाबाइटांचे असतात; मायएसक्यूएलमध्ये हेच काम बायनरी लॉगकडून करून घेतात.

एसक्यूएल सर्व्हरच्या लॉगमधील प्रत्येक नोंदीला एक चढता क्रमांक असतो. तो कधी मागे जात नाही आणि त्याची पुनरुक्ती होत नाही. लॉगची फाइल आतून अनेक खंडांत विभागलेली असते, लेखन एका खंडातून दुसऱ्यात सरकत जाते, आणि फाइलीच्या शेवटाशी पोचल्यावर आरंभीचे खंड मोकळे झालेले असल्यास लेखन पुन्हा तेथून सुरू होते. खंड मोकळा केव्हा होतो, हा येथील कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर डेटाबेससाठी निवडलेल्या रिकव्हरी मॉडेलवर अवलंबून असते. ‘सिम्पल’ मॉडेलमध्ये त्या खंडातील बदल डिस्कवरच्या पानांत उतरले आणि कोणत्याही चालू व्यवहाराला त्या नोंदींची गरज उरली नाही की खंड मोकळा होतो. नोंदी पुसल्या जातात आणि लॉग बॅकअप घेणे संभवतच नाही. ‘फुल’ मॉडेलमध्ये आणखी एक अट असते: त्या खंडातील नोंदींचा लॉग बॅकअप झालेला असला पाहिजे. तो होईपर्यंत सर्व्हर एकही नोंद सोडीत नाही. तिसरे ‘बल्क-लॉग्ड’ मॉडेल मोठ्या प्रमाणावर माहिती एकदम भरताना लॉग आटोपशीर राहावा म्हणून आहे. ज्या लॉग बॅकअपमध्ये असे काम आलेले असते त्याच्या मध्यावर थांबता येत नाही, एवढे येथे सांगितले म्हणजे पुरे.

फुल मॉडेल निवडले आणि रोज रात्री फुल बॅकअपही घेतला, म्हणजे लॉगची व्यवस्था आपोआप झाली, अशी एक समजूत आपल्या व्यवसायात इतकी खोलवर रुजलेली आहे की तिचे निराकरण येथेच केले पाहिजे. फुल बॅकअप लॉग मोकळा करीत नाही. तो लॉगचा थोडा भाग आपल्याबरोबर नेतो खरा, कारण बॅकअप चालू असतानाही व्यवहार होत असतात आणि त्या नोंदींवाचून प्रत सुसंगत होणार नाही. परंतु लॉगचे खंड मोकळे करण्याचे काम फक्त लॉग बॅकअपच करतो. नवा डेटाबेस निर्माण करताना त्याला ‘मॉडेल’ नावाच्या नमुना-डेटाबेसचे गुण लागतात आणि तेथे बहुधा फुल मॉडेलच नेमलेले असते, त्यामुळे कोणी जाणीवपूर्वक न निवडताही ते लागू होते. पहिला फुल बॅकअप होईपर्यंत असा डेटाबेस सिम्पलप्रमाणेच वागतो, आणि त्याआधी लॉग बॅकअपची आज्ञा दिली तर ४२१४ क्रमांकाची त्रुटी दाखवून सर्व्हर नकार देतो. पहिला फुल बॅकअप झाला की नियम अंमलात येतो, आणि लॉग बॅकअपची योजना नसेल तर लॉगची फाइल दिवसेंदिवस फुगत जाते. मूळ माहितीच्या कित्येक पट मोठी लॉगची फाइल अनेक कार्यालयांत आढळते, तिचे कारण बहुधा हेच. अखेर डिस्क भरते, ९००२ क्रमांकाची त्रुटी येते, आणि खिडकीवरचा एकही व्यवहार पुढे सरकत नाही.

त्या घटकेला कर्मचाऱ्यांवर चहूकडून तगादा लागलेला असतो, आणि जो उपाय सुचतो तो रोगाहून वाईट असतो: मॉडेल सिम्पल करायचे, लॉग रिकामा करायचा, फाइल आकसून टाकायची आणि पुन्हा फुल मॉडेल लावायचे. डिस्कवर जागा होते, परंतु साखळी तुटते. आणि नवा फुल किंवा डिफरन्शियल बॅकअप, म्हणजे मागील फुल बॅकअपनंतर बदललेला भाग तेवढा घेणारी प्रत, घेतला जाईपर्यंत संस्थेपाशी गतक्षण निवडण्याचा अधिकार उरत नाही. पूर्वी लॉग बॅकअपच्याच आज्ञेत ‘ट्रंकेट ओन्ली’ असा पर्याय असे, त्याने नोंदींची प्रत न घेता त्या टाकून दिल्या जात. एसक्यूएल सर्व्हरच्या २००८ च्या आवृत्तीपासून तो काढून टाकण्यात आला, हे माझ्या मते फार चांगले झाले. योग्य मार्ग असा की, लॉग कशाची वाट पाहून अडला आहे हे आधी सर्व्हरलाच विचारावे. डेटाबेसांच्या यादीत ‘लॉग रीयूज वेट’ या अर्थाचा एक रकाना असतो. तेथे ‘लॉग बॅकअप’ असे दिसले तर लॉग बॅकअप घ्यावा, आणि ‘अ‍ॅक्टिव्ह ट्रान्झॅक्शन’ असे दिसले तर कोणाचा तरी व्यवहार उघडा राहिला आहे, त्याचा शोध करावा. बॅकअप घेऊनही फाइलीचा आकार कमी होत नाही याचे आश्चर्य वाटू नये. आत मोकळी झालेली जागा पुन्हा वापरली जाणार असते.

साखळीविषयी आता जरा सविस्तर सांगतो, कारण या विषयातील सगळे सौंदर्य आणि सगळा धोका तेथे एकवटला आहे. प्रत्येक लॉग बॅकअप मागील लॉग बॅकअप जेथे संपला तेथून सुरू होतो. मागील फुल बॅकअपपासून नव्हे. यातून फार उपयुक्त निष्कर्ष निघतो. समजा, दर रविवारी फुल बॅकअप होतो आणि आपत्तीच्या वेळी कालच्या रविवारची फाइल दूषित निघाली. तर त्याच्या आधीच्या रविवारचा फुल बॅकअप घ्यावा, त्यानंतरचे सर्व लॉग बॅकअप एकामागून एक लावावेत, आणि दूषित फाइलीला वळसा घालून थेट आजपर्यंत यावे. वेळ अधिक लागेल, पण एक रुपयाची नोंद हरवणार नाही. याउलट मधली एकच लॉग फाइल गहाळ असली तर तिच्या पुढच्या शेकडो फाइली शाबूत असूनही निरुपयोगी ठरतात. या बॅकअपचा आरंभक्रमांक डेटाबेसच्या मानाने फार पुढचा आहे, असे ४३०५ क्रमांकाच्या त्रुटीने सांगून सर्व्हर तेथेच थांबतो. आणि फाइल गहाळ होण्याचे कारण नेहमी आग किंवा चोरी असते असे नाही. कार्यालयात येणारा एखादा सॉफ्टवेअरवाला तपासणीसाठी म्हणून एक लॉग बॅकअप स्वतःच्या डिस्कवर घेतो आणि डिस्क खिशात घालून जातो. त्या एका फाइलीपुरती साखळी त्याच्या खिशात गेलेली असते. अशा प्रसंगासाठी ‘कॉपी ओन्ली’ हा पर्याय आहे, तो क्रमाला धक्का लावीत नाही. वेळापत्रकाबाहेर घेतलेल्या फुल बॅकअपमुळे मात्र लॉगची साखळी तुटत नाही; त्याने बिघडतो तो डिफरन्शियल बॅकअपचा पाया.

आता हे सर्व प्रत्यक्षात कसे घडते ते एका कल्पित पतसंस्थेच्या उदाहरणावरून पाहू. तेथे रविवारी रात्री ११ वाजता फुल बॅकअप, इतर दिवशी रात्री ११ वाजता डिफरन्शियल आणि दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप अशी व्यवस्था आहे. मंगळवारी दुपारी २ वाजून ३७ मिनिटांनी एका ठेवीचा व्याजदर दुरुस्त करण्याची आज्ञा दिली जाते, तिच्यात कोणत्या ठेवीचा हे सांगणारी अट लिहायची राहते, आणि सगळ्या ठेवींचा व्याजदर एकच होऊन बसतो. ही गोष्ट २ वाजून ४१ मिनिटांनी ध्यानात येते. प्रथम, त्याच क्षणापर्यंतचा एक लॉग बॅकअप ताबडतोब घ्यावा, वेळापत्रकाची वाट पाहू नये. मग रविवारचा फुल बॅकअप चालू डेटाबेसवर न लावता दुसऱ्या नावाने, शेजारी, नोरिकव्हरीसह रिस्टोर करावा. त्यावर सोमवार रात्रीचा डिफरन्शियल. आणि त्यावर सोमवारी रात्री सव्वाअकरापासून मंगळवारी अडीचपर्यंतच्या ६२ लॉग फाइली क्रमाने. आता उरला तो नुकताच घेतलेला लॉग बॅकअप, ज्यात २ वाजून ३० मिनिटांपासून ४१ मिनिटांपर्यंतच्या घडामोडी आहेत. तो लावताना ‘स्टॉप अ‍ॅट’ हा पर्याय देऊन २ वाजून ३६ मिनिटे ५० सेकंद हा क्षण सांगावा. सर्व्हर त्या क्षणापर्यंतच्या नोंदी घडवितो, त्यापुढच्या वाचूनही सोडून देतो, आणि शेजारी एक असा डेटाबेस उभा राहतो की ज्यात चूक अद्याप घडलेलीच नाही. तेथून व्याजदराचा तेवढा रकाना चालू डेटाबेसमध्ये आणला की २ वाजून ३७ मिनिटांनंतर खिडकीवर झालेले इतर व्यवहारही जसेच्या तसे राहतात. चालू डेटाबेसच मागे नेण्याचा मार्ग उपलब्ध आहे, पण त्यात मधल्या चार मिनिटांचे निर्दोष व्यवहारही जातात आणि ते पावत्यांवरून पुन्हा चढवावे लागतात. म्हणून एखाद्या कोष्टकापुरती चूक असेल तेथे शेजारी उभारणीचा मार्गच मी पसंत करतो.

डिस्कच निकामी झाली असेल तर क्रम वेगळा. माहितीची फाइल गेली पण लॉगची फाइल वाचली, अशा वेळी पहिले काम म्हणजे लॉगचे शेपूट, ज्याला टेल-लॉग बॅकअप म्हणतात, ते वाचविणे. कारण शेवटच्या नियोजित बॅकअपनंतरचे व्यवहार फक्त तेथेच आहेत. माहितीची फाइल उघडत नसतानाही हा बॅकअप घेण्याची सोय आहे. घाबरून आधी फुल बॅकअप जुन्या जागी रिस्टोर करायला धावणारा माणूस नेमकी हीच अमूल्य मिनिटे पुसून टाकतो. माहिती आणि लॉग वेगवेगळ्या डिस्कांवर ठेवावीत असा जो जुना दंडक आहे, त्याचे एक कारण वेग आणि दुसरे, माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे, हे शेपूट.

साखळी असणे आणि ती आहे अशी समजूत असणे यांतील अंतर किती भयानक ठरू शकते, याचे एक जाहीर उदाहरण गिटलॅब या प्रोग्रामरांच्या सेवेने आपल्या चौकशीचा सविस्तर वृत्तांत स्वतःच प्रसिद्ध करून जगापुढे ठेवले आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी, दुय्यम सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडला तो पूर्ववत करण्याच्या खटपटीत, एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरच माहितीची निर्देशिका पुसण्याची आज्ञा दिली. चूक काही क्षणांतच उमगून आज्ञा थांबविली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी जेमतेम साडेचार उरले होते. नित्याचा बॅकअप शोधू जाता तो कित्येक दिवस होतच नव्हता असे आढळले: बॅकअप घेणारा कार्यक्रम पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो प्रत्येक वेळी निष्फळ ठरे, आणि तशी सूचना देणारी पत्रे टपाल-सर्व्हर नाकारीत असल्यामुळे कोणापर्यंत पोचत नसत. लॉगचे तुकडे वेगळे जपण्याची व्यवस्था तेथे केलेली नव्हती. म्हणूनच मागे पडलेल्या दुय्यम सर्व्हरला हवे असलेले तुकडे मुख्य सर्व्हरवरून नाहीसे झाले होते, आणि म्हणूनच पुढची हानीही भरून काढता आली नाही. सुमारे सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी कोणी हाताने घेतलेली एक नक्कल सापडली, तिच्यावरून सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. त्या संस्थेने काही न लपविता हा वृत्तांत प्रसिद्ध केला, याबद्दल तिच्याविषयी मला आदर वाटतो. आपल्याकडील संस्थांनी हा प्रामाणिकपणा घेण्याजोगा आहे.

लॉग बॅकअप किती वेळाने घ्यावा, हा प्रश्न व्याख्यानांत मला सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार संगणक विभागाला नाही असे माझे ठाम मत आहे. किती मिनिटांचे काम पुन्हा करण्याची आपली तयारी आहे, हे संस्थेच्या संचालकांनी ठरवावयाचे असते. पतसंस्था दिवसाच्या पावत्यांवरून तासाभराचे काम पुन्हा चढवू शकेल. रुग्णालयात अतिदक्षता विभागातील औषधांच्या नोंदी कोणाच्या स्मरणावरून चढवायच्या? संचालकांनी मिनिटांचा आकडा लेखी द्यावा आणि विभागाने त्याबरहुकूम वेळापत्रक बसवावे. वारंवार बॅकअप घेतल्याने सर्व्हरवर फार भार पडतो, ही भीतीही बहुतांशी निराधार आहे. व्यवहार तेवढेच, नोंदी तेवढ्याच, त्यांचे तुकडे तेवढे लहान होतात. दर १५ मिनिटांचा हिशेब धरला तर दिवसाला ९६ फाइली जमतात, म्हणून त्यांची नावे, जागा आणि जपून ठेवण्याची मुदत यांचे नियम आधी ठरलेले असावेत, आणि त्या ज्या सर्व्हरवर तयार होतात तेथेच न राहता वेळच्या वेळी दुसऱ्या यंत्रावर, शक्य तर दुसऱ्या इमारतीत, गेल्या पाहिजेत. ज्या डिस्कवर डेटाबेस त्याच डिस्कवर त्याचे सर्व बॅकअप, ही व्यवस्था मी बॅकअप मानीत नाही.

या विषयावर इंग्रजीत विपुल लेखन आहे. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्याने सर्व्हर सांभाळणारा मराठी तरुण, ज्याला रात्री दोन वाजता कोणाला विचारण्याची सोय नसते, त्याच्या हाताशी त्याच्या भाषेत, कारणांसह समजावून सांगणारे असे काहीतरी असावे, या तळमळीने हे पुस्तक लिहिले आहे. आज्ञा पाठ करणारा माणूस प्रसंगी आज्ञा विसरतो. कारण समजलेला माणूस आज्ञा शोधून काढतो. म्हणून प्रत्येक प्रकरणात आधी कारण आणि मग कृती असा क्रम ठेवला आहे.

वाचकांस एक विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी एक रिकामे यंत्र मिळवा, आपल्या संस्थेचा शेवटचा फुल बॅकअप आणि त्यानंतरच्या सर्व लॉग फाइली तेथे न्या, आणि काल दुपारच्या तीन वाजेपर्यंत डेटाबेस उभा करून पाहा. त्याला किती वेळ लागला ते कागदावर लिहून, तारीख घालून, संचालकांकडे पाठवा. आणि एखादी फाइल लागली नाही, तर तेही त्याच कागदावर लिहा.